तंजावर : खरवडणे आणि शेजारी लिहिणे

नगरांविषयी लिहिणाऱ्या पाश्चात्त्य विद्वानांना एक उपमा फार प्रिय आहे : शहर म्हणजे खरवडून पुन्हा पुन्हा लिहिलेले चर्मपत्र. तौलनिक साहित्याच्या वर्गात ती मीही अनेकदा वापरली आहे. तंजावरास राहावयास आल्यापासून मात्र तिच्यावरचा माझा विश्वास डळमळला. बृहदीश्वराच्या जोत्यावर राजराज चोळाच्या काळातील तमिळ लेख आहेत. त्याच देवळाच्या आवारातील भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. मध्ये सुमारे आठशे वर्षे गेली. पण नव्या अक्षरासाठी जुने अक्षर खरवडण्याची गरज कोणास भासली नाही. तमिळ, तेलुगू, मराठी, रेशीम विणणारे सौराष्ट्री — सारे येथे एकमेकांच्या शेजारी नांदले.

२०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’ योजनेत तंजावरची निवड झाली आणि शहराच्या नूतनीकरणास वेग आला. त्यातील काही कामे निःसंशय उत्तम आहेत. अय्यनकुळम् या जुन्या तलावाचा जीर्णोद्धार झाला, ही तर आनंदाचीच गोष्ट. नायककाळापासून येथील तळी भुयारी जलवाहिन्यांनी जोडलेली होती; पुढे मराठ्यांनीही ती व्यवस्था सांभाळली. जीर्णोद्धार म्हणजे जे झिजले त्यास वर उचलणे. झिजलेले दूर सारून तेथे दुसरे काही बसविणे नव्हे. (आपल्या योजनाकारांना हा शब्द देवळांपुरताच आठवतो, हे आपले दुर्दैव.)

परंतु याच नूतनीकरणात किल्ल्याच्या खंदकालगतची घरे पाडली गेली व तेथील कुटुंबांना शहराबाहेर वसविण्यात आले. ते अतिक्रमण होते, हे कायद्याच्या दृष्टीने खरे. तथापि शत्रूचे भय संपलेल्या खंदकाच्या काठी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार थाटले, त्यांचेही काही लेखन त्या काठावर होते, असे मला वाटते. ते खरवडताना कोणी नक्कल उतरवून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सरस्वती महालात मराठी दरबाराचे मोडी कागद रुमालांत बांधून जतन केलेले आहेत, आणि ते वाचता यावेत म्हणून आपण विद्यार्थ्यांना मोडी शिकवितो. खंदकाकाठच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी समजण्यास मोडीही लागत नाही. तमिळ पुरते, आणि थोडी पायपीट.

आमच्या विभागाने पुढील सत्रात निदान एवढे काम हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे. ती माणसे अजून हयात आहेत.