घर सोडून सेवेला

निकाल लागले की घराघरांत एकच प्रश्न असतो: आता पुढे काय? उत्तरांत प्रवेश, परीक्षा, नोकरी येते. सेवा क्वचितच येते. म्हणूनच या अंकासाठी आम्ही विषय निवडला आहे तरुण मिशनऱ्यांच्या रोजच्या जगण्याचा.

मराठी मुलखाला ही माणसं नवी नाहीत. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. ते मराठी शिकले, इथेच राबले आणि १८२६ मध्ये नाशिक परिसरात कॉलऱ्याने गेले.

आज लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन, चर्चची मुलं अशा सेवेसाठी विशीच्या आतच घराबाहेर पडतात; मुलगे साधारण दोन वर्षांसाठी, मुली दीड वर्षासाठी. खर्च बहुतांशी स्वतःच्या आणि घरच्यांच्या बचतीतून होतो. सकाळी प्रार्थना, बायबलचं वाचन, परक्या भाषेची उजळणी. मग जोडीच्या मिशनऱ्यासोबत दिवसभर पायपीट. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा, किराणा भरण्याचा. घरच्यांशी दर आठवड्याला फोनवर बोलण्याची मुभा मिळाली ती २०१९ पासून. अनेक दारं तोंडावर बंद होतात. पण कुणा एकट्या आजींच्या अंगणातलं तण उपटताना मोडक्यातोडक्या भाषेत गप्पा रंगतात, तेव्हा सगळा शीण उतरतो.

धर्मांतराच्या वादाची आम्हाला जाणीव आहे. या अंकात मात्र भर आहे तो या मुलांच्या शिस्तीवर, एकटेपणावर आणि आनंदावर. तुमच्या घरातलं कुणी अशा सेवेला गेलं असेल, किंवा आमचं म्हणणं पटत नसेल, तरी मोकळेपणाने लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.