कुंडी फेकू नका, झाड झोपलंय!



दिवाळी उलटली की शहरातल्या सोसायट्यांच्या कचऱ्यात कुंड्या दिसायला लागतात. पानं पिवळी, दांडे आडवे. माती उकरली की खाली कंद टणक, जिवंत. लोक 'झाड मेलं' म्हणून मोकळे होतात. अहो, मेलेलं नाही, झोपलंय ते!

आम्ही हळदवाले. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लागण आणि आठ-नऊ महिन्यांनी काढणी. पाला वाळून आडवा झाला की आम्ही रडत नाही, कुदळ काढतो. पानांनी पावसाळाभर कमावलेलं सगळं तोवर कंदात उतरलेलं असतं.

नर्सरीत 'सियाम ट्युलिप' नावानं गुलाबी तुऱ्याचं जे झाड मिळतं, ते याच हळदीचं थायलंडकडचं भावंड. ट्युलिपशी त्याचं काडीचं नातं नाही. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं. खरी फुलं खाली बेचक्यात, बारीक, जांभळट. स्वभाव मात्र अस्सल हळदीचा: पावसात फुलायचं, थंडीत झोपायचं.

आता माझं भांडण विकणाऱ्यांशी. "पाला पिवळा पडला की पाणी तोडा, मेमध्ये पुन्हा कोंब येईल," एवढं सांगायला पैसे पडतात का? पण सांगितलं तर पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक परत कसं येणार? आणि घेणारेही कमी नाहीत. झोपलेल्या झाडाला रोज तांब्याभर पाणी घालून कंद कुजवतात, वर म्हणतात, "आमच्या हाताला झाड लागत नाही."

कोणी म्हणेल, बाल्कनी एवढीशी, सहा महिने रिकामी कुंडी कोण सांभाळणार? नका सांभाळू. कंद काढा, माती झटका, कोरड्या वाळूत खोक्यात घालून सावलीत ठेवा. कुंडीत तोवर मेथी, कोथिंबीर पेरा. उन्हाळ्याच्या शेवटी कंद दोन-तीन इंच खोल लावा, कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानं.

सोनटक्क्याचंही तेच. त्याचा एक दांडा एकदाच फुलतो. फुलून गेलेला तेवढा बुडातून कापा, अख्खा गड्डा उपटू नका. शेजारून नवा दांडा येतोच. दोन-तीन वर्षांनी गड्डा फोडून शेजाऱ्याला द्या. आमच्याकडे सोनटक्का असाच घरोघरी गेला, विकत कोणी आणला नाही.

खरं विचाराल तर कुंडीत घरची हळदच लावा. पान केळीसारखं देखणं, फुलोरा आला तर तोही सुंदर. पान पातोळ्यांना, ओला कंद लोणच्याला. पण शोभेच्या झाडाचा कंद आल्यासारखा दिसला म्हणून चहात ठेचू नका. ओळख पटलेलंच खायचं.

आणि पावसात घाटात फिरायला जाता तेव्हा रानहळदीचे फोटो काढा, कंद उकरू नका. ती डोंगराची आहे.

शेतकऱ्याला पाला वाळणं म्हणजे सुगी. तुम्हाला तो कचरा कसा काय वाटतो? यंदा कुंडी फेकायच्या आधी बोटानं माती उकरा. कंद घट्ट लागला, तर गुमान आत आणून ठेवा.