‘राइम’: हिम आणि यमक

कोलरिजच्या ‘द राइम ऑफ द एन्शन्ट मरिनर’ या दीर्घकवितेच्या शीर्षकातील ‘राइम’ या शब्दाचे इंग्रजी कोशात दोन स्वतंत्र अर्थ सापडतात. एक, यमक किंवा यमकबद्ध काव्य. दुसरा, हिमाचा पांढरा थर. कवितेतले जहाज दक्षिणेकडच्या बर्फात सापडते, हे ध्यानात घेता शीर्षकात श्लेष आहे असे विद्यार्थ्यांना सांगून मोकळे होण्याचा मोह अध्यापकाला होतो. आमच्या मते हा मोह आवरायला हवा.

हे दोन शब्द एका कुळातले नाहीत. हिमवाचक ‘राइम’ जुन्या इंग्रजीतला, जर्मानिक घराण्याचा. धुक्यातले जलकण कधीकधी शून्य अंशाखालीही द्रवच राहतात आणि फांदीला वा तारेला स्पर्श होताच गोठतात. त्या पांढऱ्या थराला हवामानशास्त्र आजही ‘राइम’ म्हणते. काव्यवाचक ‘राइम’ जुन्या फ्रेंचमधून आला; त्याचे मूळ बहुधा लॅटिनमार्गे ग्रीक ‘रिथ्मॉस’पर्यंत जाते. ‘रिदम’शी असलेल्या या नात्याचे भान ठेवून पुढे विद्वानांनी त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ आणि ‘वाय’ घातले. म्हणजे कोलरिजचे स्पेलिंग चुकीचे नाही. ते अधिक जुने आहे.

ते त्याने का योजले? १७९८ साली ‘लिरिकल बॅलड्स’मध्ये ही कविता आली तेव्हा शीर्षकातील ‘एन्शन्ट’ आणि ‘मरिनर’ यांची स्पेलिंगेही जुन्या वळणाची होती. जुन्या पोवाड्यासारखा बाज त्याला हवा होता, हे यावरून उघड दिसते. १८०० च्या आवृत्तीत शीर्षकातून ‘राइम’ गेला, १८१७ मध्ये तो परतला. शिवाय कवितेत चांदण्याला एप्रिलमधल्या हिमाची उपमा देताना कोलरिज ‘होअरफ्रॉस्ट’ हा वेगळाच शब्द वापरतो. १७९८ च्याच ‘फ्रॉस्ट अ‍ॅट मिडनाइट’ या कवितेत तर हिम आहे, पण यमक नाही. ती निर्यमक आहे. तेव्हा कवीने श्लेष हेतुपूर्वक साधला, असे ठामपणे म्हणण्यास आधार तोकडा पडतो.

मग हिमाचा अर्थ वर्गाबाहेर ठेवायचा काय? तसेही नाही. मराठीत आपण अंत्य यमकालाच यमक म्हणतो. संस्कृत साहित्यशास्त्रात मात्र तोच वर्णसमूह भिन्न अर्थाने पुन्हा येणे म्हणजे यमक. या व्याख्येने पाहिले तर ‘राइम’ आणि ‘राइम’ हे स्वतःच एक यमक ठरते! नात्यागोत्याचा संबंध नसलेले शब्द केवळ नादाच्या बळावर शेजारी आणून बसवणे, हेच तर यमकाचे काम. मोरोपंतांचा वाचक हे जाणतो. बर्फातून प्रवास करून आलेल्या वाचकाला शीर्षकाकडे परतताना थंडीची शिरशिरी जाणवली, तर ती त्याच्या वाचनाची खरी कमाई आहे.

फक्त व्युत्पत्ती, कवीचा हेतू आणि वाचकाला आलेला प्रत्यय या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत. पहिली कोशात तपासावी, दुसरीविषयी पुराव्यापुरतेच बोलावे आणि तिसरी विद्यार्थ्यावर सोपवावी. आपण तिन्हींची गाठ एका वाक्यात मारून देतो, विद्यार्थी ते वाक्य उत्तरपत्रिकेत उतरवतो, आणि कविता वाचायची राहून जाते.