ऑईल फिल्टरची निवड व तिचें खरें महत्त्व

ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यांत हल्लीं एक वाद वारंवार ऐकूं येतो. इंजिनास कोणत्या कंपनीचा ऑईल फिल्टर घालावा, महागाचा घालावा कीं स्वस्तांतला, आणि मुळांत त्यानें कांहीं फरक पडतो कीं नाहीं, असा तो वाद आहे. एक पक्ष म्हणतो, "डबा तो डबा, आंत कागदच असतो." दुसरा पक्ष इतका भाविक कीं, एका विशिष्ट रंगाच्या डब्यावांचून दुसरा हातीं धरीत नाहीं. आमच्या मतें दोन्ही पक्षांचा नेम चुकला आहे, आणि त्यापायीं ज्या गोष्टीकडे खरोखर लक्ष द्यावयाचें ती तशीच राहून जाते. ज्या घरांत ट्रॅक्टरचे हप्ते अद्यापि फिटावयाचे आहेत, त्या घरास ऐन मृगाच्या तोंडावर इंजिन उघडून पडणें म्हणजे काय, हें सांगावयास नको.

इंजिनांतील वंगण केवळ घर्षण कमी करितें असें नाहीं. तें पिस्टनची उष्णता वाहून नेतें, डिझेलची काजळी पोटांत घेतें, आणि धुळीचे व धातूचे कण आपल्याबरोबर खालीं चेंबरांत आणतें. हे कण पुन्हा वर चढून क्रँकच्या बेअरिंगांत शिरूं नयेत म्हणून वाटेंत गाळणी बसविलेली असते. क्रँक व बेअरिंग यांमधील तेलाचा थर कांहीं थोड्या मायक्रॉनांचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा, आणि माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड. जो कण त्या थराच्या मापाचा असतो तोच अधिक घासतो. फार मोठा कण फटींत शिरत नाहीं व फार बारीक कण तेलाबरोबर निसटून जातो.

"आमच्या वडिलांच्या इंजिनास फिल्टर कोठें होता?" असा प्रश्न कांहीं वडीलधारी मंडळी करितात. प्रश्न रास्त आहे. विहिरीवर बसणारीं जुन्या लिस्टर धर्तीचीं इंजिनें मिनिटास सुमारें ६५० फेरे घेत. कनेक्टिंग रॉडच्या टोंकाच्या पळीनें तेल उडविलें जाई, आणि जड कचरा तळाशीं बसून राही. आजच्या ट्रॅक्टरचें इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालतें व त्याचें तेल पंपानें दाबून बारीक वाटांनीं बेअरिंगांस पोंचविलें जातें. बैलगाडीच्या आंसाचें वंगण मोटारीच्या चाकास लावून भागत नाहीं, तसेंच हें. अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड यानें १९२३ सालीं मोटारीकरितां जी गाळणी काढली, तीही प्रथम वाहत्या तेलाचा कांहीं भागच गाळीत असे; सर्व तेल गाळून मगच बेअरिंगांस देण्याची रीत इंजिनांचा वेग वाढला तसतशी पुढें रूढ झाली.

तर मग निवडीनें फरक पडतो काय? पडतो, पण कोणत्या निवडीनें, हें पाहिलें पाहिजे. जनरल मोटर्स कंपनीच्या १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेनें ३० मायक्रॉनच्या गाळणीनें इंजिनाची झीज निम्म्यानें, व १५ मायक्रॉनच्या गाळणीनें शेंकडा ७० नें कमी झाल्याचें नमूद आहे. महागड्या फिल्टरांचे विक्रेते हे आंकडे मोठ्या हौसेनें सांगतात. ते जें सांगत नाहींत तें हें कीं, झीज लवकर दिसावी म्हणून त्या प्रयोगांत तेलांत मुद्दाम धूळ सोडलेली होती. ज्याच्या इंजिनांत धूळ शिरतच नाहीं, त्यास एवढा लाभ होणार नाहीं. शिवाय डब्यावर "१५ मायक्रॉन" एवढेंच छापलेलें असल्यास त्यावरून कांहीं ठरत नाहीं. त्या मापाच्या शंभर कणांपैकीं पन्नास धरले तरी तो आंकडा छापतां येतो, आणि अठ्ठ्याण्णव धरले तरीही.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, ट्रॅक्टरच्या पुस्तकांत दिलेल्या नंबराचाच फिल्टर एखाद्या नांवाजलेल्या कारखान्याचा असेल, तर रंग व नांव यांवरून भांडण्यांत अर्थ नाहीं. परंतु नंबर न पाहतां, "आटे बसले म्हणजे झालें" या न्यायानें घेतलेला, किंवा नकली छापाचा डबा ही गोष्ट वेगळी. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. आंत मात्र एकांत कागदाच्या घड्या भरपूर व दोन्ही टोंकांस घट्ट चिकटविलेल्या असतात, तर दुसऱ्यांत त्या मोजक्या व सुटलेल्या असतात. कित्येक फिल्टरांत इंजिन बंद झाल्यावर तेल माघारी जाऊं न देणारी रबराची झडप असते. ती कडक झाली कीं, सकाळीं इंजिन सुरू करतांना बेअरिंगें कांहीं क्षण कोरडीं फिरतात.

दुसरी एक झडप याहून महत्त्वाची आहे. गाळणी तुंबली, अथवा थंडीच्या सकाळीं तेल घट्ट झालें, म्हणजे ही झडप उघडते व तेल न गाळतांच पुढें सोडते. कारण अजिबात तेल न मिळण्यापेक्षां मळकें तेल मिळालेलें बरें. कचेरींत बारनिशीच्या टेबलावर ढीग सांचला म्हणजे कागद नोंदीवांचूनच परस्पर साहेबांपुढें जाऊं लागतात, तशांतला हा प्रकार. काम चालू राहतें, पण कोणता कागद कोठें गेला हें कोणीच सांगूं शकत नाहीं. कांहीं इंजिनांत ही झडप खुद्द इंजिनाच्या अंगांतच असते, कांहींत ती फिल्टरमध्यें असावी लागते. चुकीचा डबा बसविल्यास ती एक तर दोन ठिकाणीं होते, नाहीं तर कोठेंच राहत नाहीं आणि दाबानें कागद फाटतो. एवढ्याकरितांच नंबर पाहण्याचा आग्रह आम्हीं धरला आहे.

तेल काळें झालें म्हणून फिल्टर निकामी, हा समज तर सर्रास आढळतो. डिझेल इंजिनाचें तेल कांहीं तासांतच काळें होतें. काजळीचे कण एक मायक्रॉनहूनही बारीक असतात. तेलांतील औषधी द्रव्यें त्यांस तरंगत ठेवतात, आणि कोणताही साधा फिल्टर त्यांस अडवीत नाहीं. उलट थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षां अधिक बारीक गाळतो, कारण अडकलेला मळच छिद्रें लहान करितो. तेव्हां नव्या इंजिनाची पहिली बदली सोडली, तर पुस्तकांतील मुदतीपूर्वीं वरचेवर फिल्टर बदलणारे गृहस्थ पैसा वायां घालवितात. मुदत ओलांडून दोन हंगाम तोच डबा चालविणारे मात्र त्या झडपेच्या भरंवशावर इंजिन चालवीत असतात.

आतां मुख्य गोष्ट. इंजिनांत धूळ येते ती बहुतेक हवेच्या वाटेनें. उन्हाळ्यांत रोटाव्हेटर चालत असतां किंवा मळणीयंत्रास ट्रॅक्टर जोडलेला असतां आजूबाजूस काय असतें हें वाचकांनीं पाहिलेलेंच आहे. या धुळींतील वाळूचे कण लोखंडाहून कठीण असतात. एअर क्लीनरचें तेल आटलेलें, त्याच्या वाटींत चिखल झालेला, पुढील रबरी नळीस चीर पडलेली, आणि मालक ऑईल फिल्टरच्या कंपनीवरून पारावर हुज्जत घालीत आहेत, असें दृश्य आम्हीं कित्येक गांवीं पाहिलें आहे. अशा इंजिनाचे लायनर व रिंगा जगांतील सर्वोत्तम ऑईल फिल्टरही वांचवूं शकणार नाहीं, कारण धूळ तेलांत उतरण्यापूर्वींच तिनें आपलें काम केलेलें असतें. धुळीच्या कामांत ही वाटी रोज पाहिली पाहिजे. यास पैसा लागत नाहीं, पाव तास लागतो.

बसविण्याविषयीं दोन शब्द. जुन्या डब्याची रबरी कडी इंजिनास चिकटून राहिली आहे काय तें हात फिरवून पाहावें. तिच्यावर दुसरी कडी बसली तर सर्व तेल शेतांत सांडतें. नव्या कडीस तेलाचें बोट लावून डबा हातानेंच आंवळावा. सुटा कागदी फिल्टर ज्यांत बसतो अशा भांड्यांतील स्प्रिंग व वाशर हरवूं देऊं नयेत, नाहींतर तेल कागदाच्या बाजूनें निघून जातें. काढलेला डबा फेकण्यापूर्वीं कापून उघडावा व घड्या पसरून उन्हांत धराव्या. पितळी किंवा रुपेरी चकाकी दिसल्यास मिस्त्रीस त्याच दिवशीं बोलवावें. कागदी फिल्टर रॉकेलनें अगर डिझेलनें धुवून पुन्हा घालण्याची चाल मात्र सोडून द्यावी. त्यानें आंतला मळ निघत नाहीं आणि कागद तेवढा सुटतो.

नकली माल ओळखणें एकट्या शेतकऱ्यास अवघड आहे. आपल्या संस्थेनें सभासदांच्या ट्रॅक्टरांचे प्रकार व फिल्टरांचे नंबर यांची यादी करून अधिकृत विक्रेत्याकडून हंगामापूर्वीं पेटीनें खरेदी करावी व पावतीसह वाटप करावें, अशी आमची सूचना आहे. प्रत्येकानें ट्रॅक्टरच्या पेटींत एक वही ठेवून तारीख, तासांच्या घड्याळाचा आंकडा, तेलाचें माप व फिल्टरचा नंबर एवढ्या चार रकान्यांची नोंद ठेवावी. ती भरण्यास चालकास अक्षरओळख पुरे.