माशांची पेटी : नगावर जाऊ नका

मैत्रिणींनो, सुट्टीत मुलांनी हट्ट धरावा आणि घरात माशांची काचेची पेटी यावी, असे आता आपल्या शिरूर-दौंडकडेही पुष्कळ घरांत होऊ लागले आहे. बैठकीच्या खोलीला शोभा येते, मुले घटकाभर शांत बसतात. पण मासे विकत घेताना आपण बायका एक चूक हमखास करतो. भाजीबाजाराची सवय ना! नग मोजतो आणि भाव करतो.

माझी धाकटी बहीण दौंडला असते. मे महिन्यात एकदा सकाळी सहालाच तिचा फोन आला. "ताई, सगळे मासे वर येऊन तोंडं उघडतायत गं. भूक लागली असेल म्हणून पोरानं दोनदा खाणं टाकलं." मी दुपारच्या एसटीने पोचले, तोवर चार मासे गेले होते. आठ वर्षांचा भाचा कोपऱ्यात बसून रडत होता, "मी तर खायला दिलं होतं, तरी का मेले?"

पेटी पाहिली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तळाशी खडी आणि वर थोडी मोकळी जागा धरली, तर पाणी जेमतेम 45 ते 50 लिटर. त्यात मासे होते वीस! दोन एंजल, चार गोल्डफिश, सहा टायगर बार्ब, सात निऑन आणि 'साफसफाईला' म्हणून एक सकर. "सगळे बोटभर तर होते," बहीण म्हणाली. दोन खोल्यांच्या घरात अख्खे वऱ्हाड उतरवले, तर काय होईल? तेच झाले होते.

मासे वर येऊन तोंड उघडू लागले, की ती भूक नसते. बहुधा जीव गुदमरत असतो. रात्री वीज गेली, पंप थांबला. त्यातून उन्हाळा. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वर टाकलेले खाणे तळाशी कुजले, त्यात उरलासुरला प्राणवायू गेला आणि अमोनिया वाढला. अशा वेळी खाणे बंद करावे, शिळवलेले पाणी असल्यास पाव पेटी बदलावी आणि वीज येईपर्यंत पेटीतलेच पाणी तांब्याने काढून वरून हळूहळू धार धरून सोडत राहावे. एवढ्यानेही मासे तरतात.

आता स्वच्छतेविषयी. हा घोटाळा मी स्वतः केला आहे, म्हणून सांगते. दर रविवारी पेटी उपसायची, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून लख्ख करायचा, आणि दोन दिवसांत मासे मलूल! नंतर कळले, की खडीत आणि स्पंजमध्ये उपयोगी जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतला अमोनिया ते कमी विषारी करतात. नव्या पेटीत ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण एका रविवारी ते धुऊन टाकतो. म्हणून आठवड्याला पाव पेटीच पाणी बदलावे. नळाचे पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवून मगच घालावे. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. आणि नवे मासे एकदम न आणता दोन-तीन करून आणावेत.

किती मासे ठेवावेत? लहान, सडपातळ माशांसाठी जुना हिशेब असा, की इंचभर माशाला चार लिटर पाणी. पण इंच मोजायचे ते मासा पूर्ण वाढल्यावरचे. दुकानातला बोटभर गोल्डफिश वीतभर होतो आणि घाणही फार करतो. सकर दीड फुटापर्यंत जातो. तो शेवाळ खातो, पण इतरांची घाण खात नाही, उलट स्वतःची भर घालतो. 'शार्क' म्हणून मिळणारा पंगस तर तीन फुटांच्याही वर वाढतो.

जागेइतकाच स्वभाव महत्त्वाचा. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. बहिणीचे दोन निऑन त्याआधीच असे 'हरवले' होते. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, बाकीच्यांना कोमट. फायटर नर एका पेटीत एकच ठेवावा. आपल्याकडे बऱ्याच घरांत बोअरचे जड पाणी असते. त्यात प्लॅटी, गप्पी चांगले राहतात. मात्र गप्पीचे नुसते नरच घ्या, नाहीतर महिन्या-महिन्याला बाळंतपणे!

संध्याकाळी बहीण म्हणाली, "उरलेले भीमेत सोडून देऊ. पुण्य तरी लागेल." मी तिला थांबवले. चिलापी 1952 साली बाहेरून भारतात आणली गेली. आज भीमेवरच्या उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात तीच जास्त येते, आणि देशी मासा मागे पडला. पेट्यांतला सकरही आता तिथे सापडतो. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात. आपल्या शिरूरची घोडनदी भीमेलाच मिळते. म्हणजे आपण काठावरून सोडलेला मासा कुणाच्या तरी पोटावर पाय देतो. नदी, विहीर, तळे, कुठेही सोडू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोल्डफिश, सकर, बार्ब आणि एंजल दुकानदाराला परत दिले. पैसे मिळाले नाहीत, पण त्याने घेतले. पेटीत तीन निऑन तेवढे राहिले. पुढे दीड महिन्याने भाच्याने चार प्लॅटी आणले. नेण्याआधी त्याने दुकानदाराला विचारले म्हणे, "काका, हा मोठा झाल्यावर केवढा होतो? आणि कुणाशी भांडतो?"

मैत्रिणींनो, भाव विचारण्याआधी हेच दोन प्रश्न विचारा.