११.२ ने सूर्य सुटत नाही

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

"मुक्तिवेग किती?" असं विचारा. दहावीचं पोर झोपेतसुद्धा सांगेल, सेकंदाला ११.२ किलोमीटर. पुढे विचारा, "एवढ्या वेगाने यान सूर्यमालेबाहेर जाईल का?" पोरं मान डोलावतात, आणि काही मास्तरसुद्धा! साफ चूक. ११.२ ने पृथ्वी सुटते, सूर्य नाही. आपलं मंगळयान डिसेंबर २०१३ मध्ये पृथ्वीच्या ओढीतून सुटलं, पण सूर्याच्या दावणीलाच बांधलेलं राहिलं.

हिशेब अवघड आहे का? पृथ्वीच्या अंतरावरून सूर्य सोडायला ४२.१ चा वेग लागतो. पृथ्वी स्वतःच २९.८ ने पळते. यान त्याच दिशेने सोडलं की उरले १२.३. मग ११.२ आणि १२.३ ची सरळ बेरीज? नाही! ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून बेरीज वर्गांची. काटकोन त्रिकोणाच्या बाजू ११.२ आणि १२.३ घ्या, कर्ण येतो १६.६. झालं उत्तर. पायथागोरस दहावीत शिकवतोच ना आपण? मग भूमिती आणि विज्ञानाच्या तासांमध्ये भिंत घातली कोणी?

"जंगलातल्या पोरांना हे कशाला?" म्हणणाऱ्यांचा तर जास्तच राग येतो. पुण्याच्या पोराला समज आणि धानोऱ्याच्या पोराला पाठांतर, ही कुठली वाटणी? ह्याला प्रयोगशाळा लागत नाही, खडू-फळा पुरतो. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माझ्यासारख्याला जमतं, तर त्यांना का नाही?

दुसरं भांडण नुसत्या अभिमानवाल्यांशी. व्हॉयेजर-१ वरच्या तबकडीत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, मराठीतला नमस्कारही आहे. ऊर भरून येतो, माझाही येतो. पण ते यान गेलं कसं, हे कोणी सांगत नाही. सप्टेंबर १९७७ मध्ये सुटताना त्याच्याजवळ सूर्य सोडण्याइतका वेग नव्हताच! मार्च १९७९ मध्ये गुरूजवळून जाताना त्याने गुरूच्या गतीतला कणभर हिस्सा उचलला, तेव्हा कुठे ते सुटलं. ऑगस्ट २०१२ मध्ये ते आंतरतारकीय अवकाशात पोचलं. आता सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने चाललं आहे.

असो. आकाशातल्या गुरूने आपलं काम चोख केलं. फळ्यासमोरचे गुरू कधी करणार?