पार्सलातली दिवाळी

कोजागिरीचे दूध आटून संपले, शरदाचे चांदणे ओसरू लागले, की रायपूरच्या समता कॉलोनीतील मराठी घरांतून हल्ली एकच पृच्छा ऐकू येते : पुण्याचे पार्सल निघाले काय? चकल्या, करंज्या, अनारसे खोक्यात बंद होऊन येतात आणि ते खोके उघडताना यजमानांच्या मुद्रेवर असे समाधान विलसते, की जणू महाराष्ट्रच दारी आला! परप्रांतात राहूनही आपण संस्कृती जतन केली, असा दाखला ते स्वतःस देऊन मोकळे होतात. हा दाखला खोटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजत घालावा, रोज पाणी पालटावे, मग फडक्यावर पसरून ओलसर असतानाच कुटावा, चाळावा, किसलेला गूळ मिसळून गोळे डब्यात मुरू द्यावेत. पुढे खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर तुपात सोडावा. उलटू नये, झाऱ्याने वरून तूप उडवावे. गूळ अधिक पडला की अनारसा कढईत ‘हसतो’, म्हणजे विरून पसरतो. आणि मग करणारी सोडून घरातील सर्व मंडळीही हसतात. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० सालच्या ‘गृहिणी-मित्रा’पासून कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरे’पर्यंत मराठीत पाकशास्त्राची पुस्तके उदंड झाली. परंतु पीठ किती ओले राहिले पाहिजे हे बोटांनाच कळते, आणि ती बोटे खोक्यातून येत नाहीत. एका पिढीने कढईपुढे बसणे सोडले, की पुढच्या पिढीला अनारसा केवळ विकत मिळणारा जिन्नस म्हणून ठाऊक राहील.

शिवाय ज्या प्रांताला लोक ‘धान का कटोरा’ म्हणतात, तेथे राहून तांदळाचे पक्वान्न पुण्याहून मागवणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! आमच्या शेजारच्या छत्तीसगढी घरांत सणासुदीला अइरसा होतो. तोही तांदळाच्या पिठाचा नि गुळाचाच. नावे तर सख्ख्या बहिणींची वाटतात. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपुरास येऊन राज्य करू लागले. पुढे १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. कोणी कोणापासून काय घेतले, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. आपण मात्र शेजारणीचे अइरसे न पाहता कुरिअरवाल्याची वाट पाहत बसतो.

अमेरिकेत शरद ऋतूत घरोघरी सफरचंदाचा पाय भाजतात व त्यास आपले राष्ट्रीय पक्वान्न मानतात. वस्तुतः ते सफरचंद मूळचे मध्य आशियातले. युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ते तिकडे नेले. तरी तो पदार्थ त्यांचा झाला, कारण त्यांनी झाडे तिथल्या मातीत लावली आणि पीठ आपल्या हाताने मळले.

यावर कोणी म्हणेल, ‘बायका नोकऱ्या करतात, त्यांना सवड कुठली?’ आक्षेप रास्त आहे. मात्र तो घेणारे बहुधा पुरुष असतात, हे ध्यानी घ्यावे! स्नेहसंमेलनात मराठीपणावर तासभर बोलणारे गृहस्थ घरी गूळ किसावयास बसलेले माझ्या पाहण्यात नाहीत. संस्कृतीची चिंता यांनी वाहावी आणि धग मात्र तिने सोसावी, ही कसली वाटणी? ती थकली, तेव्हा यांना तिच्या शेजारी बसणे सुचले नाही, पार्सल सुचले. सहा वाजता कचेरीतून सुटणाऱ्या कारकुनास वेळ नसतो, हे मला कोणी सांगू नये. मीही तोच कारकून आहे.

यंदा धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी तांदूळ भिजत घालावा. पाणी पालटण्याचे काम मुलांकडे, गूळ किसण्याचे व तळणीपाशी उभे राहण्याचे पुरुषांकडे. कुटण्यास हल्ली मिक्सर आहे. त्याला माझी हरकत नाही.